कंठातले दप्तर

(एका वार्षिक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘निहाली’ असे एका शब्दात उत्तर दिले. दूरध्वनीवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग प्रश्न आला, “म्हणजे निहाल करणारी?” दोष त्यांचा नाही. पत्रकारितेत उभी हयात गेली, विदर्भाच्या खेपा तर मोजल्याही नाहीत. तरी हा शब्द माझ्या कानावर पडला तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

आपल्यापैकी बहुतेक जण शेगावला श्रींच्या दर्शनाला गेलेले असतील. तेथून उत्तरेला सातपुड्याच्या दिशेने निघालात की तासा-दीड तासात जळगाव जामोद तालुका लागतो. कापसाची काळी जमीन संपत येते, डोंगराची निळी रेघ जवळ येते. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशी गावे या पट्ट्यात आहेत. या आणि आसपासच्या काही गावांत निहाल समाजाची घरे आहेत. माणसे बहुतांशी शेतमजुरी करणारी. स्वतःला ती ‘कालटो’ म्हणवतात. त्यांच्यातील जेमतेम दोन-अडीच हजार माणसे जी भाषा बोलतात ती निहाली. गावागावांत तिच्यातही भेद आहे. कुवरदेव-चालठाण्याचे बोलणे आणि जामोद-सोनबर्डीचे बोलणे तंतोतंत एक नाही.

आता मुख्य गोष्ट. ही भाषा कोणाचीही बहीण नाही. मराठी, हिंदी, बंगाली या संस्कृताच्या कुळातल्या. कन्नड, तेलुगू, गोंडी या द्राविड कुळातल्या. निहालांचे शेजारी कोरकू. त्यांची भाषा मुंडा गटातली, म्हणजे संथाली आणि मुंडारीची दूरची नातलग. निहाली मात्र यांपैकी कोणत्याही घरात बसत नाही. भाषाशास्त्रज्ञ अशा भाषेला एकाकी भाषा म्हणतात. युरोपात स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची बास्क भाषा अशीच आहे. तिच्यावर ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले. आपल्या महाराष्ट्रात, बुलढाणा जिल्ह्यात, तशीच एक भाषा कापूस वेचते आहे आणि आपल्याला तिचे नावही ठाऊक नाही.

तुम्ही म्हणाल, सरकारकडे नोंद असेल. नाही. जनगणनेच्या भाषाविषयक तक्त्यांत १९७१पासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे छापल्याच जात नाहीत. त्या ‘इतर’ या रकान्यात जातात. अनुसूचित जमातींच्या महाराष्ट्राच्या यादीत निहाल आहेत, पण ते कोरकू जमातीच्या नोंदीतच, बोपची, मवासी यांच्या ओळीत. कोरकू बोलणारे २०११च्या गणनेत सव्वासात लाखांहून अधिक होते. त्यात हे दोन-अडीच हजार विरघळून गेले. कागदावर ते कोरकू, बाजारात मराठी, आणि फक्त घरात, चुलीपाशी, निहाल.

अभ्यासकांनी मात्र या भाषेची दखल घेतली होती. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. त्याचा कर्ता स्टेन कोनो हा नॉर्वेचा पंडित. त्याने निहालीला मुंडा गटात टाकले. नंतर सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष जाऊन नोंदी केल्या. त्या १९५७ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांवरून आणि कोनोच्या सामग्रीवरून एफ. बी. जे. कायपर या डच संस्कृततज्ज्ञाने १९६२ साली एक पुस्तक लिहिले. त्याचा हिशेब असा की, शब्दसंपत्तीपैकी सुमारे तृतीयांश कोरकूकडून आलेली, काही थोडी द्राविड, काही आर्य भाषांतली. पण जवळजवळ चतुर्थांश शब्द असे उरतात की ज्यांचा पत्ता कोठेच लागत नाही. पाण्याला निहालीत ‘जोप्पो’ म्हणतात, विस्तवाला ‘आपो’. या शब्दांचे गोत्र सांगा म्हटले तर विद्वान गप्प बसतात. उलट दोन म्हणजे ‘इरार’ आणि चार म्हणजे ‘नालो’. कोणी कन्नड माणूस या सभागृहात असेल तर त्याला आपले ‘एरडु’ आणि ‘नाल्कु’ लगेच आठवतील. पुढची गणती मात्र बाजाराची, आपलीच. म्हणजे दोनापासून चारापर्यंत मोजताना दक्षिणेकडचे आणि पाचापासून आपले शब्द, अशी तिची तऱ्हा!

कायपरने आणखी एक शंका व्यक्त केली होती. इतरांना कळू नये म्हणून वापरायची सांकेतिक बोली, चोरभाषेसारखी, तर ही नसेल? त्याने ती शक्यता म्हणून मांडली. पण निहालांकडे पाहण्याची शेजाऱ्यांची दृष्टी आधीच वाकडी होती. अशा शंकेने ती सरळ होत नसते. माझ्या जवळच्याच एका वऱ्हाडी मित्राला मी या भाषेविषयी उत्साहाने सांगू लागलो तेव्हा तो म्हणाला, “ती होय! ती भाषा नव्हे रे, ते लपवून बोलणे.” दोन हजार माणसे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लेकरांना अंगाईसुद्धा लपवूनच म्हणत आली, असे त्याला सुचवायचे होते काय, कोण जाणे.

यानंतरचे काम पुष्कळसे आपल्या पुण्यात, डेक्कन कॉलेजच्या परिसरात झाले, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. आशा मुंडले यांनी निहालांमध्ये जाऊन शब्द आणि वाक्ये गोळा केली. त्यांचा लेख १९९६ साली प्रसिद्ध झाला. के. एस. नागराज यांनी व्याकरण, संहिता आणि शब्दसंग्रह असा ग्रंथ सिद्ध केला. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने तो २०१४ साली छापला. शैलेंद्र मोहन यांनी ध्वनिमुद्रण आणि चित्रमुद्रण करून या भाषेचे दस्तऐवजीकरण केले. पुढे ते त्याच संस्थानाचे संचालक झाले. या मंडळींची नावे वर्तमानपत्रांत क्वचितच येतात. मी त्यात नोकरी केलेली आहे, म्हणून सांगतो, त्याची कारणे आम्हा पत्रकारांपाशी आहेत, त्यांच्यापाशी नाहीत.

येथे एका मोहाविषयी बोलले पाहिजे, कारण तो आपल्याच मंडळींना अधिक होतो. मी हे शब्द एका बैठकीत सांगितले तेव्हा एका उत्साही कार्यकर्त्याने तत्काळ ‘जोप्पो’ची व्युत्पत्ती ‘जल’ आणि ‘अप्’ यांच्या संधीतून लावून दाखविली. टाळ्याही पडल्या. मी त्यांना नम्रपणे विचारले, “मग विस्तवाच्या ‘आपो’चे काय? संस्कृतात ‘आपः’ म्हणजे पाणी. निहालांनी पाण्यालाच आग लावली म्हणायची का?” हशा पिकला, पण मुद्दा हसण्यावारी नेण्याचा नाही. इंग्रज पंडितांनी भाषांच्या कुळांवरून माणसांचे वंश ठरविले आणि त्यांतून आर्य-अनार्य असे भांडण आपल्या घरात सोडून दिले, याचा राग आपल्याला आहे आणि तो रास्त आहे. परंतु त्याला उत्तर म्हणून प्रत्येक शब्द ओढून-ताणून संस्कृताच्या दावणीला बांधणे हे विद्येशी प्रामाणिकपणाचे नव्हे. त्याची गरजही नाही. मरे एमेनो या अभ्यासकाने १९५६ साली ‘भारत : एक भाषिक क्षेत्र’ ही कल्पना मांडली. कुळे वेगळी असूनही शतकानुशतकांच्या शेजारामुळे भारतीय भाषा उच्चारात, वाक्यरचनेत, म्हणण्याच्या रीतीत एकमेकींसारख्या झाल्या, असे त्याने सप्रमाण दाखविले. त्याचा पुरावा पाहायचा तर सोनबर्डीला जावे. एकाच म्हातारीच्या एकाच वाक्यात कोरकू, द्राविड, मराठी आणि जिचे कुळ हरवले अशी एक भाषा नांदताना ऐकू येईल. ही एकात्मता कोणी ठराव करून आणलेली नाही.

आता ध्वनिमुद्रणाकडे येतो.

२०१८च्या हिवाळ्यात एका तरुण संशोधकाबरोबर मी या भागात पाच दिवस राहिलो. तो भाषाशास्त्राचा, मी कलाशाखेचा साधा पदवीधर. माझे काम ओझे वाहण्याचे. दिवस कापूस वेचणीचे होते. दिवसा कोणी भेटण्याचा प्रश्नच नव्हता. बायका अंधार पडल्यावर शेतातून येणार, चूल पेटवणार, लेकरांना जेवू घालणार आणि मग आमच्यासमोर बसणार. म्हणून आमचे सगळे काम रात्रीचे. पहिल्या रात्रीचे मुद्रण आम्ही पहाटे ऐकले तर त्यात माणसांपेक्षा रातकिडे अधिक होते. दुसऱ्या रात्री आम्ही घरात बसलो, तर वरचे पत्रे वाऱ्याने वाजू लागले. शेवटी कुडाच्या खोलीत गोधड्या टांगून आमचा स्टुडिओ सिद्ध झाला.

लोकांना वाटते, यंत्र सुरू करायचे आणि माणसाला बोल म्हणायचे. तसे नसते. आधी शब्दांची यादी असते. डोळा, कान, पाणी, सूर्य, झाड, मी, तू, येणे, जाणे असे दोन-एकशे शब्द. जे कोणत्याही भाषेत असतात आणि सहसा उसने घेतले जात नाहीत असे मानतात. एकेक शब्द तीनदा म्हणवून घ्यायचा. पण ‘पाणी’ म्हटले की आजी सांगणार ‘पाणी दे’. झाडाकडे बोट दाखवले की कधी झाड मिळते, कधी पान, कधी चिंच. मग वाक्ये. मी आलो, तू आलास, ते उद्या येणार नाहीत. पण ‘मी मेलो’ कसे म्हणाल, असे विचारल्यावर बाई उठूनच गेल्या! व्याकरणाला हवे असलेले रूप कोणी आपल्या तोंडाने का म्हणावे? संशोधकाने हात जोडून क्षमा मागितली आणि ते रूप त्याच्या वहीत कोरेच राहिले.

चौथ्या रात्री यादी बाजूला ठेवून तो म्हणाला, “आजी, काहीही सांगा.” सत्तरीच्या घरातल्या त्या आजींनी लुगड्याचा पदर सावरून एक गोष्ट सुरू केली. मध्येच एका शब्दावर अडल्या. रानातली कुठलीशी वेल होती, तिचे नाव आठवेना. शेजारच्या दुसऱ्या आजींनी नाव सांगितले. पहिल्या म्हणाल्या, हे नव्हे. मग दोघींची जुंपली. गोष्ट बाजूला राहिली आणि वीस मिनिटे त्या वेलीवरून, ती कोठे वाढते, कोणत्या दुखण्यावर देतात, कोणाच्या सासूने ती कोठून आणली होती, यावरून बोलत राहिल्या. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला, तर संशोधकाने माझे मनगट धरले. नंतर म्हणाला, “साऱ्या पाच दिवसांत आपल्याला मिळालेले सर्वांत मोलाचे मुद्रण हेच. यादीतले शब्द त्यांनी आपल्यासाठी म्हटले; हे त्यांनी एकमेकींसाठी म्हटले.” अशा एका तासाच्या मुद्रणाचे लेखन करून, शब्दाशब्दाचा अर्थ लावून, अनुवाद पुरा करायला चाळीस-पन्नास तास सहज लागतात, आणि ते काम भाषक शेजारी बसल्याशिवाय होत नाही.

काम आटोपल्यावर आजींनी यंत्राकडे बोट दाखवून विचारले, “हे कोन आयकीन, भाऊ?”

मला उत्तर देता आले नाही. त्याचे कारण सांगण्यासाठी मला वीस वर्षे मागे जावे लागेल. संयोजकांना मी विषय सांगितला तेव्हा खरे तर मला हेच सांगायचे होते.

१९९८ साली मी वनवासी मुलांच्या एका वसतिगृहावर वृत्तान्त लिहिला होता. वसतिगृह चांगले होते. चालविणारी माणसे घरदार सोडून आलेली, निःस्वार्थी. त्यांच्याविषयी आजही माझ्या मनात आदरच आहे. तेथे आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याने माझ्यासमोर स्वच्छ वाणीने सुभाषिते म्हटली, गीतेचा पंधरावा अध्याय म्हटला. मी भारावून गेलो. त्याच दिवशी त्याची आजी भेटीला आली होती. फडक्यात भुईमुगाच्या शेंगा बांधून पायी आली होती. ती त्याच्याशी आपल्या बोलीत बोलू लागली. मुलाने आमच्याकडे पाहिले, मान खाली घातली आणि शुद्ध मराठीत म्हणाला, “आजी, तू कधी आलीस?” म्हातारी थांबली. मग तिनेही जमेल तसे मराठी सुरू केले. दोघांचे बोलणे दोन-चार वाक्यांत संपले. शेंगा ठेवून ती निघून गेली.

हे सर्व मी डोळ्यांनी पाहिले आणि घरी येऊन काय लिहिले? ‘सहा महिन्यांपूर्वी रानटी बोलीखेरीज काही न येणारा हा मुलगा आज ती पार विसरून संस्कृत श्लोक म्हणतो आहे.’ शब्द माझेच आहेत; कात्रण जपून ठेवले आहे. वाचकांची पत्रे आली, देणग्या आल्या. मी त्या मुलाला ‘कोरकू बालक’ म्हटले होते. २०१८ साली जुन्या वहीत त्याच्या गावाचे नाव सापडले, तेव्हा कळले की गाव निहालांचे होते.

मी चौकशी केली. आजी केव्हाच वारल्या होत्या. मुलगा, आता तो गृहस्थ आहे, तालुक्याच्या गावी नोकरी करतो, दोन लेकरांचा बाप आहे. भेटला. अगत्याने चहा पाजला. वसतिगृहाचे ऋण त्याने मोकळेपणाने मान्य केले. ते नसते तर मीही दुसऱ्याच्या रानात मजुरीला असतो, म्हणाला. मी त्याच्या कानाला यंत्र लावून त्या दोन आजींचे भांडण ऐकविले. तो ऐकता ऐकता हसला, मग गप्प झाला. मी विचारले, “कळते का?” तो म्हणाला, “सगळं कळतं, सर. तोंडात येत नाही.” त्याच्या मुलांना तर कळतही नाही.

मला ठाऊक आहे की आता तुमच्या मनात काय आले आहे. मराठी शिकली नसती तर त्याला नोकरी कोण देणार होते? अगदी बरोबर. त्याला मराठी आलीच पाहिजे, हिंदी आली पाहिजे, जमल्यास इंग्रजीही. पण त्याच्या आजीला निहाली, कोरकू, मराठी अशा तीन भाषा येत होत्या, आणि बाजारापुरती हिंदीही. तिने एक शिकताना दुसरी पुसून टाकली नव्हती. पाटी कोरी केल्याशिवाय अक्षर उमटत नाही, हा समज आमचा. आणि तो मेकॉलेच्या शाळेतून आमच्याकडे आला, हे आम्हीच विसरलो. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले, त्याचे आपण स्वागत केले. ती घरची भाषा म्हणजे फक्त आपल्या घरची नव्हे.

मिशनऱ्यांचा विषय येथे टाळून चालणार नाही. ते बोली शिकतात ते धर्मांतरासाठी, असे आपण सांगत आलो. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणातही प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून बायबलातली उधळ्या पुत्राची कथा भाषांतरित करून घेतली गेली. हिंदुस्थानभर, काश्मीरपासून बस्तरपर्यंत, तोच एक उधळ्या पुत्र! हे सारे खरे. पण फादर स्टीफन्सने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली छापले गेले. त्यासाठी तो आधी मराठी शिकला. आमचे कार्यकर्ते वीस-वीस वर्षे डोंगरात राहिले, तापाने फणफणले, प्रसंगी प्राणावर बेतले, तरी हटले नाहीत. पण त्यांच्यातल्या कितीकांना तेथल्या भाषेत नमस्कारापलीकडे दोन वाक्ये येतात? शिकायला आपल्याला कोणी अडविले होते?

आणि उशीर झाला की काय होते ते अंदमानात घडून गेले आहे. अंदमान म्हटले की आपल्यापुढे सेल्युलर जेल उभे राहते. तात्याराव सावरकर तेथे १९११ साली पोहोचले, तोवर त्या बेटांच्या मूळ रहिवाशांची वाताहत होऊन चुकली होती. १८५८ साली इंग्रजांनी बंदिवसाहत वसविली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. १८५९ साली त्यांनी धनुष्यबाणांनिशी वसाहतीवर हल्ला केला. दुर्दैव असे की त्याची आगाऊ खबर इंग्रजांना दिली ती दूधनाथ तिवारी या आपल्याच एका बंदिवानाने. सत्तावन्नाच्या समरातला हा शिपाई तुरुंगातून पळाला होता, त्याच लोकांनी त्याला वर्षभर आश्रय दिला होता. पुढे गोवर, उपदंश आणि इंग्रजांनी उघडलेली तथाकथित अंदमानगृहे यांनी उरलेले काम केले. १९६१च्या गणनेत त्यांची संख्या एकोणीस होती. एकोणीस हजार नव्हे, एकोणीस माणसे.

दिल्लीच्या प्रा. अन्विता अब्बी यांनी २००५पासून या लोकांमध्ये राहून ध्वनिमुद्रण केले. त्यांना जे सापडले ते थक्क करणारे आहे. त्या भाषेत ‘हात’ किंवा ‘रक्त’ असे सुटे म्हणताच येत नाही. कोणाचा, आणि शरीराच्या कोणत्या भागाशी संबंधित, हे दाखविणारा उपसर्ग लावावाच लागतो. सारे व्याकरणच जणू मानवदेहाच्या सात विभागांवर उभे आहे. ‘बो’ ही त्यांच्यातली एक भाषा. ती येणाऱ्या बोआ आजी एकट्याच उरल्या होत्या. २००४च्या त्सुनामीतून त्या वाचल्या. बोलायला माणूस नाही म्हणून त्या पाखरांशी आपल्या भाषेत बोलत. २०१० साली, २६ जानेवारीला त्या गेल्या. देश ध्वजवंदन करीत होता आणि त्याच दिवशी त्या देशाची एक भाषा संपली. आज आपल्यापाशी त्यांचा आवाज आहे तो केवळ त्या ध्वनिमुद्रणामुळे.

वेदांचा पाठ आपण हजारो वर्षे कंठात जपला. पद, क्रम, जटा, घन असे पाठ बांधले, की एक मात्रा इकडची तिकडे होऊ नये. २००३ साली युनेस्कोने त्या परंपरेचा गौरव केला तेव्हा आपली छाती फुगली. पण त्यामागे गुरुकुले होती, दक्षिणा होती, राजाश्रय होता. निहाल आजीपाशी यातले काही नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे धुंडाळत हिंडले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड उभे राहिले. कागद असतो तेव्हा तो माळ्यावर शंभर वर्षे वाट पाहू शकतो. वाळवी लागली तरी काही उरते. या भाषेचा कागदच नाही. जे दप्तर आहे ते म्हाताऱ्या माणसांच्या कंठात आहे आणि दर पावसाळ्यात त्यातले एखादे कायमचे मिटते.

केंद्र सरकारने २०१३ साली लुप्तप्राय भाषांच्या रक्षणाची योजना सुरू केली. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा तिच्यात घेतल्या आहेत. काम मोठे आहे आणि हात थोडे. दरम्यान निहालीच्या मुद्रणांचा एक मोठा संग्रह ज्या परदेशी अभिलेखागारात आहे, ते आधी लंडनच्या विद्यापीठात होते, २०२१ साली बर्लिनला गेले. त्यांनी पैसा दिला, जतन केले. कृतज्ञच राहिले पाहिजे. पण सोनबर्डीच्या आजीचे भांडण ऐकायला तिच्या नातवाने बर्लिनचे दार ठोठवावे, आणि अकोल्याच्या एखाद्या महाविद्यालयात त्याची प्रत नसावी, हे मला पटत नाही. तुम्हाला पटते का?

म्हणून एक छोटी योजना घेऊन मी आलो आहे. आपल्या परिचयातल्या वसतिगृहांत मिळून किती भाषांची मुले आहेत, याची आधी एक यादी करू या. अर्जात जात विचारतो, धर्म विचारतो. घरात काय बोलता, हा रकाना नसतो. तो घालायचा. दिवाळीच्या सुटीत जी मोठी मुले घरी जातील त्यांच्याकडे ध्वनिमुद्रक द्यायचा. भ्रमणध्वनीवरही चालेल, परंतु वेगळा माइक लावून, आणि आवाज दाबून लहान करणाऱ्या नव्हे तर पूर्ण स्वरूपात साठविणाऱ्या पद्धतीने. प्रारंभी दिनांक, गाव, बोलणाऱ्याचे नाव आणि त्याची संमती त्याच्याच भाषेत नोंदवायची. संमती नसेल तर यंत्र बंद. सणाची गाणी तर घ्याच, पण त्याहून अधिक, भाकरी कशी करतात, बैल आजारी पडला तर काय करतात, धाकट्या जावेशी कसे भांडतात, हे घ्या. मुद्रणाच्या तीन प्रती करायच्या. एक त्या घरी, एक आपल्याकडे, एक जाणत्या संशोधकाकडे. मुलाने आजीला प्रश्न विचारायचे ते घरच्या भाषेत. चुकले तर आजी दुरुस्त करील, आणि तेही मुद्रित होईल.

माझ्याकडे आज दोन यंत्रे आहेत. तालुक्याच्या गावातल्या त्या गृहस्थाने एक मागून घेतले आहे. थोरल्या मुलाला घेऊन तो संक्रांतीला गावी जाणार आहे. दुसरे येथे टेबलावर ठेवले आहे. सभा संपल्यावर ज्या कार्यकर्त्यांना ते हवे असेल त्यांनी मला भेटावे; बॅटऱ्या मात्र ज्याच्या त्याने आणायच्या आहेत.